अबू रशदान हे नाव कोणाचं

स्वतःचंच नाव चोरल्याची नोटीस अबू रशदानना आली तेव्हा ते गच्चीवर पर्जन्यमापक धूत होते. नोव्हेंबर संपत आला होता, अम्मानवर अजून एक थेंब पडला नव्हता. पण कोरडं पर्जन्यमापक धुणं हे ओलं पुसण्याइतकंच गरजेचं आहे, असं त्यांचं मत होतं. एकतीस वर्षं हवामान खात्यात काढलेल्या माणसाची अशी काही मतं असतात. ती हसण्यावारी नेता येत नाहीत. त्यांच्या बायकोने तसा प्रयत्न करून पाहिला होता.

खालच्या औषधाच्या दुकानातली डॉक्टर सिरीन चार जिने चढून वर आली. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला अश्रफियाच्या टेकडीवर डॉक्टरच म्हणतात. तिनेच तीन वर्षांपूर्वी त्यांना 'अबू रशदान डॉट कॉम' काढून दिलं होतं. ई-मेलचा पत्ता तिचा, म्हणून नोटीसही तिच्याकडे आली होती. त्यांना ती अम्मो म्हणे, म्हणजे काका.

"अम्मो, तुम्ही हुम्मुस विकता का?"

"मी? कोण म्हणतं?"

"आखातातली कंपनी म्हणते. अबू रशदान छाप हुम्मुस. डब्यावर मिशीवाला माणूस हसत असतो, तो. त्यांचं म्हणणं, नाव आमचं आहे, रीतसर नोंदवलेलं आहे आणि तुम्ही ते बळकावून बसलाय. साइटच्या नावांचे तंटे सोडवणारा लवाद आहे, त्याला वीस दिवसांत उत्तर द्या. नाहीतर साइटचं नाव काढून त्यांच्या हवाली करणार."

अबू रशदाननी पर्जन्यमापक उलटं करून ठेवलं. "आणि मग मला काय म्हणणार?"

सिरीनने फोनमध्ये पाहिलं. "हिकमत. सगळीकडे हिकमतच लिहिलंय तुम्हाला."

भर चौकात कोणी डोक्यावरची टोपी उडवावी तसं त्यांना झालं. आमच्याकडे पहिला मुलगा झाला की माणसाचं स्वतःचं नाव सरकार, बँक आणि रागावलेली आई एवढ्यांपुरतंच उरतं. बाकी जगाला तो अमक्याचा अबू, म्हणजे बाप, आणि त्याची बायको अमक्याची उम्म, म्हणजे आई. एकमेकांनाही ते याच नावाने हाक मारतात. हिकमतची आई जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि बँकेत ते कधी भांडले नव्हते. हिकमत हे नाव त्यांच्या कानांवरून गेलेलं कोणाच्या स्मरणात नव्हतं.

रशदान अडतीस वर्षांपूर्वी इर्बिदच्या एका इस्पितळात जन्मला आणि सहा तास जगला. त्याच्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

हे टेकडीवर कोणालाच माहीत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ही दोघं इथे राहायला आली, तेव्हा तळमजल्यावरच्या अबू गालिब न्हाव्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आणि रशदान कुठे असतो?" हिकमतच्या तोंडून निघालं, "लांब." "किती लांब? कॅनडा?" "त्याहून लांब." अबू गालिबला जगाचा नकाशा बरा ठाऊक होता. तो म्हणाला, "मग ऑस्ट्रेलिया," आणि त्यांच्या मानेला फेस लावू लागला. हिकमतनी खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त दुरुस्ती केली नाही. निरीक्षणात अशी एक चूक असते. ती सुरुवातीला आकड्याच्या शेवटच्या घरात असते, आणि दर वर्षी एकेक घर डावीकडे सरकत जाते.

बावीस वर्षांत टेकडीने रशदानला शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न लावून दिलं. सून परदेशी होती, म्हणून तो येत नसे. म्हणून आईबाप त्याचा विषय काढत नसत. म्हणून शेजारीही काढत नसत. फक्त ईदच्या दिवशी अबू गालिब हिकमतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "ईदलासुद्धा नाही! असा पोरगा कोणाला देऊ नये अल्लाहने." एकदा हिकमतना राहवलं नाही. ते म्हणाले, "तो तसा नाहीये हो." दुकानातल्यांनी माना हलवल्या. बापाचं काळीज शेवटी बापाचं, असा निष्कर्ष निघाला आणि रशदानची अब्रू आणखी थोडी गेली.

साइटचं प्रकरण त्या मानाने साधं होतं. रोज सकाळी आठ वाजता हिकमत तिथे तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस लिहीत, आणि खाली एक वाक्य: आज वाळवण घालावं की नाही, ऑलिव्ह उतरवायला हरकत नाही, असं काहीतरी. रोज सरासरी चौदा वाचक येत. त्यांतले दोन ते स्वतःच. पण वर ठळक अक्षरांत ते नाव होतं, आणि साइट उघडली की आधी ते दिसत असे. आठ वाजायच्या आधीच साइट उघडून ते थोडा वेळ बसलेले असत, हे त्यांनी सिरीनला सांगितलं नव्हतं.

कंपनीने पुरावे मात्र तब्येतीत गोळा केले होते. पहिला: झरका शहरातल्या एका बाईने हुम्मुसच्या डब्यात खडा निघाल्याची तक्रार चुकून या साइटवर केली होती, आणि हिकमतनी तिला उत्तर दिलं होतं, 'ताई, आपल्याला त्रास झाला, मी मनापासून माफी मागतो. दाताला काही झालं नाही ना?' आता, दारात कोणी कुरकुरत आलं तर आधी माफी मागायची, बसायला सांगायचं, आणि मग चूक कोणाची ते पाहायचं, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. आखातातल्या वकिलांनाही कळत असणार. पण कागदावर त्यांनी लिहिलं होतं की प्रतिवादी स्वतःला कंपनी म्हणवून ग्राहकांशी व्यवहार करतो. दुसरा पुरावा: प्रतिवादीने मार्चमध्ये 'यंदा हरभऱ्याचं काय होणार' असा लेख लिहिला. तो पेरणी आणि पावसाबद्दल होता. हुम्मुस ही हरभऱ्याचीच चटणी, त्यामुळे कंपनीच्या मते हा त्यांच्या धंद्यात उघड हस्तक्षेप होता.

"तिसरा मुद्दा खरा," सिरीन म्हणाली. "तुमचं नाव हिकमत. अबू रशदानशी तुमचा काही संबंध नाही, असं ते म्हणतात. नियम असा की लोक तुम्हाला आधीपासून त्या नावाने ओळखतात हे दाखवलंत, तर नाव तुमच्याकडे राहतं."

"मग झालंच की!" अबू गालिब ओरडला. चर्चा आता त्याच्या दुकानात आली होती, कारण टेकडीवरची कोणतीही गोष्ट शेवटी तिथेच येते. "सगळी टेकडी ओळखते. सह्या घेतो मी. आणि त्या डब्यावरच्या मिशीचं काय? ती मिशी सरळ सरळ तुमची आहे. मी वीस वर्षं कापतोय, मला कळत नाही? उलटा दावा लावा मिशीचा!"

"अबू गालिब, मिशीचा दावा नको," हिकमत म्हणाले.

"तुम्ही भिडस्त आहात. म्हणून पोरगा असा निघाला."

पाच दिवसांत अबू गालिबने त्रेचाळीस सह्या जमवल्या. त्याची पद्धत साधी होती. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा आला की तो कागद पुढे करी. अडचण एवढीच झाली की नुसती सही करणं लोकांना कोरडं वाटलं. प्रत्येकाने मायेने दोन ओळी जोडल्या. सिरीनने इंग्रजी करायला म्हणून कागद घेतला आणि अर्ध्या तासात ती पुन्हा चार जिने चढून वर आली.

"अम्मो, रशदान काय करतो?"

हिकमत पर्जन्यमापक पुसू लागले.

"कारण इथे तो सिडनीत इंजिनिअर आहे. भाजीवाल्याच्या मते मेलबर्नला दाताचा डॉक्टर आहे. बेकरीवाल्याने त्याला रियाधला नेलंय, तिथे त्याने त्याला स्वतः पाहिलंय म्हणे, तब्येत सुधारलीय. एकाने लिहिलंय तीन मुली, एकाने लिहिलंय दुसरं लग्न. हे असं पाठवलं तर ते म्हणतील, असा माणूसच नाही."

बोलताना ती हसत होती. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू थोडं मागे घेतलं. "मी काय म्हणते, हे सगळं राहू द्या. तुमचं कुटुंबाचं नोंदणीपुस्तक असेल ना, सरकारी? त्यात मुलांच्या पानावर त्याचं नाव असेल. त्या एका पानाचा फोटो द्या. बास."

"बघतो," हिकमत म्हणाले.

पाहण्यासारखं काही नव्हतं. ते पुस्तक कपाटात होतं, आणि मुलांच्या पानावर सहा ओळी छापलेल्या होत्या, सहाही रिकाम्या. सहा तासांच्या बाळाची नोंद करायला त्या वेळी कोणी गेलं नव्हतं. कोण जाणार?

जेवताना ते बायकोला म्हणाले, "देऊन टाकतो ते नाव. हवामान काय, कुठल्याही नावाने लिहिता येतं."

उम्म रशदानने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ती साइट ती कधी उघडत नसे. तिला चष्मा लावायचा कंटाळा आहे असं हिकमत धरून चालले होते.

"कोणाला देणार?"

"हुम्मुसवाल्यांना."

"आपल्याकडे त्याचं दुसरं काय आहे?" ती म्हणाली. "एक दुपटं होतं, ते तुमच्या आईने कोणाला तरी दिलं. कबरीवर दगड नाही. लोक मला हाक मारतात तेवढाच तो आहे. आणि तेही चोरीचं ठरवणार तुम्ही?"

"मग दाखला काढावा लागेल."

"मग काढू."

इर्बिदच्या इस्पितळातल्या माणसाने शहाऐंशी सालचं रजिस्टर शोधायला दोन दिवस घेतले, आणि ते मिळाल्यावर जणू त्यानेच लिहिलं असावं अशा अभिमानाने पुढे ठेवलं. मुलगा. दोन किलो शंभर ग्रॅम. जन्म सकाळी सात दहा. मृत्यू दुपारी एक पाच.

हिकमतनी ती ओळ बोट ठेवून वाचली. "एक पाच?"

"एक पाच."

"सहा तास होते."

"पाच तास पंचावन्न मिनिटं होतात, हाजी."

"घड्याळ बरोबर होतं का तुमचं?"

तो माणूस शहाऐंशी साली शाळेतही जात नव्हता. त्याने खांदे उडवले. हिकमतनी आयुष्यात कुठलंही निरीक्षण सोयीसाठी पूर्ण आकड्यात नेलं नव्हतं; हे एक नेलं होतं, आणि तेही वरच्या बाजूला. परतीच्या बसमध्ये ती पाच मिनिटं त्यांना काही केल्या सोडेनात.

नोंदणी कचेरीत दोन खिडक्या होत्या. जन्माची डावीकडे, मृत्यूची उजवीकडे. जन्माच्या खिडकीतला कारकून तरुण आणि उत्साही होता. त्याने अडतीस वर्षांच्या दिरंगाईबद्दल दोघांना मनापासून रागावून घेतलं, रजिस्टरची नक्कल पाहिली, उम्म रशदानकडून शपथेवर नाव लिहून घेतलं, आणि यंत्रातून कागद बाहेर काढून सवयीने म्हणाला, "मबरूक! दीर्घायुष्य लाभो त्याला." मग पडद्याकडे पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अडतीस वय आणि ओळखपत्र नाही? हे चालणार नाही. त्याला स्वतः यावं लागेल फोटोला."

"तो येऊ शकत नाही," हिकमत म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात. परदेशात असला तरी वकिलातीत जाता येतं. आळस असतो नुसता."

हिकमतनी उजव्या खिडकीकडे बोट केलं. कारकुनाला कळायला जरा वेळ लागला. मग तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि म्हणाला की ती खिडकी नमाज आणि चहा आटोपून उघडेल. तोवर तुम्ही बसा.

ती दोघं बाकावर बसली. दाखला उम्म रशदानच्या हातात होता. रशदान हिकमत, पुरुष, जॉर्डनी. छापील अक्षरांत. सरकारच्या दप्तरी तो या क्षणी जिवंत होता, अडतीस वर्षांचा, अविवाहित, आणि फोटो काढून घ्यायला टाळाटाळ करत होता. हिकमतच्या मनात आलं, सिरीनला एवढाच कागद पुरेसा आहे. इथून उठून घरी जाता येईल. उजव्या खिडकीकडे कोणी ओढून नेत नव्हतं. ते काही बोलले नाहीत, पण इतक्या वर्षांच्या बायकोपुढे न बोलून फारसं काही लपत नाही.

खिडकी उघडायला चाळीस मिनिटं लागली.

"चला," ती म्हणाली. "खोटा मोठा करायचा नाही त्याला. लोकांनी आधीच पुष्कळ केलाय."

उजवीकडची बाई हळू आवाजात बोलणारी होती. तिचा फॉर्म मात्र सगळ्यांसाठी एकच होता. मृताची वैवाहिक स्थिती? अविवाहित. अपत्यं? नाहीत. व्यवसाय? हिकमत म्हणाले, काही नाही. "रिकामं ठेवता येत नाही, अम्मो, यंत्र पुढे सरकत नाही. नोकरी, व्यापार, शेती, विद्यार्थी, निवृत्त, यांतलं एक काहीतरी."

"विद्यार्थी लिहा," उम्म रशदान म्हणाली.

ते निरीक्षणाला धरून नव्हतं. हिकमतनी हरकत घेतली नाही.

उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं, आणि सिरीनने एकही प्रश्न न विचारता त्याचं इंग्रजी केलं. मधे दोनदा ती औषधं फळीवर लावायच्या निमित्ताने आत जाऊन आली. सोबत दोन्ही दाखले जोडले, आणि त्रेचाळीस सह्याही. शेवटी हिकमतनी लिहिलं होतं: 'ही माणसं मला याच नावाने हाक मारतात, एवढं त्यांचं खरं आहे. मुलाविषयी त्यांनी जे लिहिलंय, त्याचा दोष माझा. मी त्यांना कधी अडवलं नाही.'

निकाल फेब्रुवारीत लागला. सिरीनने दुकानाच्या दारातून एवढंच सांगितलं, "अम्मो, नाव तुमच्याकडे राहिलं." अबू गालिबने तेवढ्यावर कुनाफा मिठाईची अख्खी परात मागवली, सगळ्यांना बोलावलं, आणि विजेत्याची दाढी फुकट म्हणून हिकमतना खुर्चीत बसवून मानेभोवती पांढरं कापड घट्ट बांधलं. उजवा गाल पूर्ण झाला. मग वस्तरा पुसता पुसता त्याला एक कल्पना सुचली.

"असे निकाल साइटवर टाकतात म्हणे, सगळ्या जगाला वाचता येतात. हा बघा, सापडला! आपला अबू रशदान जगभर! आता फोनच अरबीत वाचून दाखवेल."

"मी सांगते ना थोडक्यात," सिरीन घाईने आत आली. "अबू गालिब, राहू द्या, मी सांगते."

"थोडक्यात कशाला? अक्षर अन् अक्षर ऐकायचं. हुम्मुसवाल्यांची कशी जिरली ते ऐकू दे सगळ्यांना."

हिकमतना उठायचं होतं. पण मान कापडात होती, डाव्या गालावर फेस होता, आणि परातीभोवती पंधरा माणसं उभी होती. फोनमधली बाई ठाशीव, कोरड्या आवाजात वाचू लागली. तक्रारदार कंपनी. प्रतिवादी हिकमत. खडा आणि हरभरा आले तेव्हा लोक खदखदून हसले. भाजीवाल्याने टाळी दिली. मग ती बाई त्याच आवाजात म्हणाली, "प्रतिवादीचा मुलगा रशदान जन्मानंतर पाच तास पंचावन्न मिनिटांनी मरण पावला. प्रतिवादी त्या दिवसापासून या नावाने ओळखला जातो. शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं एकमेकांशी जुळत नाहीत, परंतु नावाबाबत त्यांच्यात दुमत नाही. लवादाच्या मते हे नाव प्रतिवादीला व्यापारापूर्वी आणि व्यापाराशिवाय प्राप्त झालेलं आहे. तक्रार फेटाळण्यात येत आहे."

तिला थांबायचं ठाऊक नव्हतं. ती तारीख, सही आणि पान क्रमांकही वाचून गेली. मग अबू गालिबने फोन उलटा ठेवला.

बेकरीवाला, ज्याने रशदानला रियाधमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. हिकमत आरशात बघत होते, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

अबू गालिबने वस्तरा उचलला. हातात धरून तो जरा वेळ तसाच राहिला, मग मिटून खणात ठेवला. ओल्या रुमालाने त्याने डाव्या गालावरचा फेस हळूहळू टिपून घेतला. आमच्याकडे घरात मयत असली की तीन दिवस दाढी करत नाहीत.

"आज नाही, अबू रशदान," तो म्हणाला. "तीन दिवसांनी या."

"अहो, अर्धीच झालीय."

"असू दे." त्याचा आवाज फाटला. "ईदला मी काय काय बोललो हो त्याला. तुमच्या तोंडावर बोललो." मग तो बाकीच्यांवर ओरडला, "ती परात उचला! मयताच्या घरी गोड आणतात का? खुर्च्या काढा बाहेर!"

अर्ध्या तासात जिन्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा लागल्या. कोणीतरी बिनसाखरेची कडू कॉफी उकळून आणली. एका गालाने गुळगुळीत आणि दुसऱ्या गालावर पांढरे खुंट असलेले हिकमत पहिल्या खुर्चीपाशी उभे राहत, बसत, पुन्हा उभे राहत, आणि माणसं ओळीने येऊन त्यांचा हात हातात घेऊन म्हणत, "अल्लाह तुमचं पुण्य वाढवो." दाताच्या डॉक्टरसाठी, इंजिनिअरसाठी, तीन मुलींच्या बापासाठी, ज्याच्या त्याच्या रशदानसाठी जो तो रडत होता. हे तेव्हा झालं नव्हतं. तेव्हा सगळे म्हणाले होते, तरुण आहात, दुसरं होईल.

पाऊस आला तसे पुरुष खुर्च्या घेऊन जिन्यात सरकले, आणि हिकमत वर घरी गेले. बैठकीची खोली बायकांनी भरलेली होती. ते बाहेरच, बुटांच्या रांगेपाशी थांबले. आतून उम्म गालिबचा आवाज आला. ती मोठ्याने बोलणारी बाई होती, आज हळू बोलायचा प्रयत्न करत होती.

"कसा होता गं तो?"

अडतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. हिकमतनीही नाही.

मग त्यांच्या बायकोचा आवाज आला, सावकाश, एखादी जड वस्तू जपून खाली ठेवावी तसा.

"त्याचा डावा कान दुमडलेला होता. आतल्या बाजूला. मी बोटाने सरळ करायची, की पुन्हा दुमडायचा. मला वाटलं, रोज थोडा थोडा करत राहिलं की होईल सरळ."